कपाट हलवताना

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या सनीव्हेलमध्ये भाड्याच्या ट्रकांची वर्दळ सुरू होते. कुणाचा लीज संपलेला असतो, कुणाचं भाडं वाढलेलं असतं, कुणाला मुलांसाठी क्युपर्टिनोच्या शाळांच्या हद्दीत जायचं असतं. ती हद्द सनीव्हेलच्या काही भागातूनही जाते, त्यामुळे दीड मैलाच्या अंतरासाठी अख्खं घर उचलणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आम्हीही त्यातलेच. तर आज बोलायचंय ते घर बदलताना सगळ्यात जास्त छळणाऱ्या वस्तूबद्दल, म्हणजे कपड्यांच्या कपाटाबद्दल. सोफा अवजड असला तरी बुटका असतो. फ्रीज बहुतेक वेळा घरमालकाचाच असतो. कपाट मात्र उंच, आतून पोकळ, दारं लटकणारी, आणि आपलं स्वतःचं.

आधी माझी चूक सांगतो, कारण हे बोलणं तिथूनच आलंय. साधारण बारा वर्षांपूर्वी आम्ही फ्रीमाँट अ‍ॅव्हेन्यूजवळच्या एका अपार्टमेंटमधून जवळच्याच टाउनहाउसमध्ये गेलो. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना बाहेरून, मध्ये एक वळण. इथल्या जुन्या कॉम्प्लेक्समध्ये असतो तसाच, सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडा. मूव्हर बोलवायचे पैसे वाचवायचे म्हणून चार मित्र बोलावले, दुपारी पिझ्झा ठरला. आपल्यात ही पद्धतच आहे, आणि ती वाईट नाही. एकमेकांच्या सामानाला हात लावल्याशिवाय परक्या गावात ओळखी घट्ट होत नाहीत.

तीन दारांचं कपाट होतं, पार्टिकल बोर्डचं, वजन दोनशे पौंडांच्या आसपास. ‘सुटं करायला दोन तास आणि जोडायला चार, त्यापेक्षा तसंच नेऊ’ असं मी म्हणालो. खालचे दोन ड्रॉवर भरलेलेच ठेवले. दारांना चिकटपट्टी लावली. मित्र खाली, मी वर. वळणावर आल्यावर मधल्या दाराची चिकटपट्टी सुटली, दार उघडलं, आतला ड्रॉवर सरकला आणि सगळं वजन एका बाजूला गेलं. माझा हात सुटला. कपाट तीन पायऱ्या घसरलं आणि मित्राच्या उजव्या पायावर बसलं. दोन बोटं मोडली. सहा आठवडे बूट घालावा लागला.

उजवा पाय, म्हणजे गाडी चालवणं बंद. वहिनींना आठवा महिना होता आणि त्यांच्याकडे अजून इथलं लायसन्स नव्हतं. मग ते सहा आठवडे त्यांना डॉक्टरकडे नेण्या-आणण्याचं काम मी केलं, एकदा पहाटे तीन वाजतासुद्धा. मित्राने मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण पिझ्झ्याचा विषय निघाला की तो आजही पायाकडे बघतो.

आता त्या जिन्यावर नेमकं काय चुकलं ते बघू. इथल्या नायॉश या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र दिलंय. सगळी परिस्थिती आदर्श असेल, म्हणजे वस्तू अंगाजवळ, पकड चांगली, कंबर न वळवता, तरी एका माणसाने उचलायची मर्यादा एक्कावन्न पौंड धरली आहे, म्हणजे तेवीस किलो. वाकून, लांबून किंवा वळून उचललं की मर्यादा आणखी खाली येते. दोनशे पौंडांचं कपाट दोघांनी उचललं म्हणजे प्रत्येकी शंभर, मर्यादेच्या दुप्पट, तेही जिन्यावर. शिवाय जिन्यावर वजन समान वाटलं जातच नाही. उंच वस्तू खालच्या कडेला धरून तिरकी केली की तिचा भार खालच्या माणसाकडे झुकतो. वरचा माणूस बऱ्याचदा नुसता दिशा देत असतो आणि त्याला वाटतं आपणही तेवढंच उचलतोय. मला तसंच वाटत होतं.

म्हणून पहिलं काम, कपाट पूर्ण रिकामं करायचं. ‘कपडेच तर आहेत, हलके असतात’ हे खरं नाही. साड्यांची एक थप्पी उचलून बघा. आणि घसरणारं वजन हे स्थिर वजनापेक्षा जास्त धोक्याचं असतं. ड्रॉवर बाहेर काढून वेगळे न्या. फळ्या काढा, काचेच्या असतील तर आधी त्या. दारं शक्यतो बिजागरीतून काढाच. हल्लीच्या कपाटांच्या बिजागऱ्यांना मागे एक खटका असतो, तो दाबला की दार स्क्रू न काढता सुटतं. पण तेव्हा दुसऱ्या कुणीतरी दार धरलेलं असायला हवं, नाहीतर खालची बिजागरी सुटताच दार वरच्या बिजागरीवर लोंबकळतं आणि बोर्डातून स्क्रू उपटले जातात. सरकत्या आरशाच्या दारांचा तर वेगळाच पाठ आहे. ती भलतीच जड असतात. खाली चाकाजवळ एक खिट्टी असते, ती मोकळी करून दार वर उचलायचं, मग खालची कड बाहेर घ्यायची. हे दोघांचं काम आहे, एकट्याने हिंमत दाखवू नये.

आरशावर मास्किंग टेपची फुली मारतात. त्याने आरसा फुटायचा थांबत नाही. फुटला तर काचा विखुरत नाहीत, एवढाच उपयोग. आरसा आडवा झोपवून कधीच नेऊ नका. कडेवर उभा, दोन गाद्यांच्या मध्ये, हीच जागा. आणि चिकटपट्टी लाकडाच्या पॉलिशवर थेट लावू नका. आधी जाड घोंगडी, म्हणजे मूव्हिंग ब्लँकेट, गुंडाळा आणि त्यावरून प्लॅस्टिकची ताणपट्टी. सागवानी कपाटाला उन्हातल्या ट्रकमध्ये प्लॅस्टिक थेट चिकटलं तर पॉलिशवर डाग पडतात.

सुटं करायचं की अखंड न्यायचं, यावर दोन मतं आहेत. माझं मत असं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. स्क्रू एकदा बसला की चांगला धरतो, पण काढून पुन्हा लावला की त्याच भोकात पकड कमी होते. दोनदा सुटं झालेलं कपाट तिसऱ्यांदा डुगडुगतं. म्हणून त्याच इमारतीत किंवा एकाच मजल्यावर न्यायचं असेल तर अखंड न्या. जिना असेल, वळण असेल, तर सुटं कराच. भोक सैल झालंच असेल तर लाकडाचा गोंद लावून त्यात दोन-तीन टूथपिक ठोकायच्या, वाळल्या की कापायच्या आणि स्क्रू पुन्हा लावायचा. आपल्याकडे सुतार आगपेटीच्या काड्या वापरायचे, तोच प्रकार.

अखंड नेताना एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे कपाटाची पाठ. ती खिळ्यांनी मारलेली पातळ फळी अगदी क्षुल्लक वाटते, पण चौकट काटकोनात धरून ठेवते तीच. पाठ सैल झाली की कपाट पत्त्यांच्या बंगल्यासारखं एका बाजूला कलतं. त्यामुळे ढकलताना वरच्या कोपऱ्याला कधी ढकलू नका, खालून ढकला. आणि उचलताना वरच्या फळीला धरून अजिबात उचलू नका. ती खिट्ट्यांवर बसवलेली असते, हातात येते.

सुटं करायच्या आधी फोटो काढा. मी आयटीतला माणूस. सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे नेताना आम्ही प्रत्येक केबलला लेबल लावतो, आणि मागे फिरायचा रस्ताही लिहून ठेवतो. घरी मात्र सगळे स्क्रू एका डब्यात टाकायचो. आता प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या झिप पिशवीत, पिशवीवर मार्करने आकडा, आणि तोच आकडा फळीवर मास्किंग टेपवर लिहितो. पिशव्या त्या त्या फळीला चिकटवायच्या नाहीत, घासून सुटतात. सगळ्या एका खोक्यात, ते खोकं आपल्या गाडीत.

मापाचं बोलू. जुन्या घरातून कपाट बाहेर आलं म्हणजे नव्या घरात जाईलच असं नाही. कपाटाची उंची, रुंदी आणि खोली लिहून घ्या आणि नव्या घराचा प्रत्येक दरवाजा मोजा, हँडलचा भाग वजा करून. दरवाजा बिजागरीतून काढला तर दीड-दोन इंच वाढतात. जिन्याच्या वळणावरची उंची मोजा, वरचा दिवा विसरू नका.

आणि एक माप कुणी घेत नाही. आडवं आणलेलं कपाट खोलीत उभं करताना त्याची उंची नव्हे, कर्ण मोजायचा असतो. समजा कपाट त्र्याण्णव इंच उंच आणि तेवीस इंच खोल आहे. पायथागोरसचं प्रमेय आपण सातवी-आठवीत घोकलं, ते इथे कामाला येतं. त्र्याण्णवचा वर्ग अधिक तेवीसचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, जवळजवळ शहाण्णव इंच. अगदी नेमकं सांगायचं तर पंच्याण्णव पूर्णांक आठ. इथल्या बऱ्याच घरांचं छत आठ फुटांचं, म्हणजे शहाण्णव इंच. कागदावर जागा उरते पाव इंचापेक्षाही कमी. खाली गालिचा, वर छताचा खडबडीत प्लॅस्टर. अडकणारच. असं उंच कपाट त्या खोलीत उभंच जोडावं लागतं. हे आधी कळलं तर दुपारी चार वाजता, सगळे थकलेले असताना, छताला भोक पडत नाही.

ट्रक भाड्याने घेतलात तर कपाट केबिनच्या मागच्या भिंतीला टेकवून उभं लावा आणि ट्रकच्या आतल्या पट्ट्यांना रॅचेटच्या पट्ट्याने दोन ठिकाणी बांधा, एक कमरेच्या उंचीवर, एक खांद्याच्या. उभं राहतच नसेल तर पाठीवर झोपवा, दारांवर किंवा कुशीवर नाही. आणि त्याच्यावर पुस्तकांचे खोके रचायचा मोह आवरा.

जिन्यावर बोलायचं कुणी एकानेच. हा नियम आमच्या घरात त्या दिवसानंतर लागला. खालचा माणूस ‘थांब’ म्हणाला की सगळ्यांनी थांबायचं, कारण विचारायचं नाही. खांद्यावरून जाणारे रुंद पट्टे मिळतात, ते घ्या. वजन हातांवरून पाय आणि खांद्यांवर जातं. आपल्याकडच्या हमालांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली वेगळा कायदा केला. लहानपणी आमच्या वाड्यात एका हमालाने दोराचा फास घालून लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेतलेलं मी पाहिलंय. त्याचा तोल पाहिला तेव्हा मजा वाटली होती. त्याच्या पाठीचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

मूव्हर बोलवायचे असतील तर दोन गोष्टी. कॅलिफोर्नियात घरसामान नेणाऱ्यांना परवाना लागतो, आणि २०१८च्या जुलैपासून ते काम ब्यूरो ऑफ हाउसहोल्ड गुड्स अँड सर्व्हिसेसकडे आहे. परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. राज्यांतर्गत कामासाठी करारात ‘याहून जास्त नाही’ अशी कमाल रक्कम लिहिलेली असावी लागते. ती जागा कोरी असेल तर सही करू नका. दुसरी गोष्ट भरपाईची. जास्तीचं संरक्षण घेतलं नाही तर मूलभूत भरपाई दर पौंडाला साठ सेंट असते. म्हणजे वस्तूच्या किमतीवर नाही, वजनावर. दोन हजार डॉलरचं दोनशे पौंडांचं कपाट फुटलं तर हातात येतात एकशे वीस डॉलर. हा हिशोब मी एकदा एका मित्राला फोनवर सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, कारण ट्रक निघून गेला होता. पार्टिकल बोर्डच्या सामानाची जबाबदारी नको म्हणून काही जण वेगळ्या कागदावर सही घेतात, तोही वाचा.

कधी कधी मात्र न नेणंच शहाणपणाचं. दोनदा सुटं झालेलं, पाठ सुटलेलं कपाट असेल तर त्याच्यासाठी ट्रकमधली जागा आणि मित्रांची कंबर खर्च करू नका. रस्त्याच्या कडेला ‘फुकट’ लिहून ठेवू नका, तो कचरा टाकण्याचा गुन्हा ठरू शकतो. शहराचं स्मार्ट स्टेशन कार्ल रोडवर आहे, तिथे नेता येतं.

कपाट नव्या घरात पोचलं, उभं राहिलं, की सगळे हुश्श करतात. माझ्या मते निम्मं काम अजून बाकी असतं, आणि हाच भाग इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपण भूकंपाच्या प्रदेशात राहतो. १७ ऑक्टोबर १९८९च्या संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी लोमा प्रीटाचा भूकंप झाला, ६.९ तीव्रतेचा, केंद्र आपल्या दक्षिणेला सांताक्रूझच्या डोंगरांत. त्रेसष्ट माणसं गेली. तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण इथे नव्हते, म्हणून तो आपल्याला इतिहासातला वाटतो. पण ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट आपल्यातल्या अनेकांना आठवते. लातूरपासून दूर असलेल्यांनासुद्धा. रात्री झोपलेली माणसं होती ती. आपलं कपाट कुठे असतं? पलंगाच्या शेजारी. बऱ्याचदा मुलांच्या पलंगाच्या शेजारी.

आणि भूकंपाचीही वाट बघायला नको. दोन-तीन वर्षांचं मूल ड्रॉवर उघडतं आणि त्याच्यासाठी ती शिडी होते. उघडे ड्रॉवर आणि वर चढलेलं मूल, एवढ्याने भिंतीला न बांधलेला फर्निचरचा डोलारा पुढे कोसळतो. २०१६च्या जूनमध्ये आयकियाने अमेरिकेत माल्म आणि इतर प्रकारचे मिळून सुमारे दोन कोटी नव्वद लाख ड्रॉवरचे खण परत मागवले, ते मुलांच्या मृत्यूंनंतरच. त्यानंतर पालकांनी लढून स्टर्डी नावाचा कायदा करवून घेतला. १ सप्टेंबर २०२३नंतर बनलेल्या, सत्तावीस इंच किंवा त्याहून उंच कपड्यांच्या खणांना आणि कपाटांना न कोसळण्याच्या कडक चाचण्या लागू झाल्या. पण लक्षात घ्या, तो नियम नव्या मालाला आहे. आपण जुन्या घरातून आणलेलं, किंवा कुणाकडून सेकंडहँड घेतलेलं कपाट त्याच्या आधीचं असतं.

बांधायचं कसं? इथल्या भिंती म्हणजे जिप्सम बोर्ड, आणि आत लाकडी उभे खांब, ज्यांना स्टड म्हणतात, बहुधा सोळा सोळा इंचांवर. स्क्रू नुसत्या बोर्डात मारला तर तो ओढल्यावर खडूसारखा निघतो. स्टड फाइंडर वीस डॉलरच्या आत मिळतो, नसेल तर चुंबक भिंतीवरून फिरवा, बोर्डाचे स्क्रू जिथे लागतात तिथे खांब असतो. कपाटाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना नायलॉनचे पट्टे लावा आणि तीन इंची स्क्रूने स्टडमध्ये बसवा. लोखंडी कोन लावण्यापेक्षा पट्टा बरा, कारण हादऱ्यात तो थोडं हलू देतो आणि भिंत ओरबाडली जात नाही. कपाटाच्या बाजूला स्क्रू पातळ पाठीत नाही, तर जाड फळीत जायला हवा. काही नव्या इमारतींत खांब धातूचे असतात, तिथे वेगळे स्क्रू लागतात, दुकानात विचारा. भाड्याचं घर असेल तर मालकाला ईमेल करून लेखी परवानगी घ्या. भोकं बुजवायला पुट्टीचा एक डबा पुरतो. डिपॉझिटच्या भीतीने मुलांच्या खोलीतलं कपाट मोकळं ठेवू नका. वरती सूटकेस, पितळी भांडी, लग्नातला आहेर ठेवायची आपली सवय आहे, तीही पलंगाशेजारच्या कपाटावर तरी सोडा.

बांधायच्या आधी एक काम करायचं असतं, ते मला आईने शिकवलं. आमचं नवं कपाट उभं राहिलं आणि दारं जुळेनात. एक वर, एक खाली. मी बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवत बसलो, तासभर. व्हिडिओ कॉलवर डोंबिवलीहून आई बघत होती. म्हणाली, ‘अरे, दारांना हात लावू नकोस. पायाखाली पुठ्ठा घाल.’ आमच्या घरातलं लोखंडी कपाट प्रत्येक घरबदलात असंच रुसायचं, आणि बाबा लग्नपत्रिका दुमडून त्याच्या पायाखाली घालायचे. जमीन समपातळीत नसली की चौकट पिळते आणि दारं जुळत नाहीत. बिजागरीचा त्यात काही दोष नसतो. मी फोनवरच्या लेव्हल अ‍ॅपने बघितलं, डावा पुढचा पाय खाली होता. लग्नपत्रिका हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, म्हणून सीरियलच्या खोक्याचा तुकडा कापला, चार घड्या घातल्या, सरकवला. दारं जुळली. मग पट्टे बांधले. त्या मित्रानेच स्टड शोधून दिले, पाय पूर्ण बरा झाल्यावर, आणि या वेळी पिझ्झा त्याने मागवला.